औषधाची किंमत नेमकी कधी ठरते?

बड्या कंपन्या अपुऱ्या अवस्थेतले उपचार विकत घेतात, तेव्हा रुग्णाने पुढे काय मोजायचे याचा निर्णयही बहुतांशी त्याच दिवशी होतो. संशोधनावर सार्वजनिक पैसा लावू पाहणाऱ्या भारताने हा क्षण ओळखायला हवा.

२०२५ च्या मार्च ते ऑक्टोबर या आठ महिन्यांत चार बड्या औषधकंपन्यांनी चार छोट्या जैवतंत्रज्ञान कंपन्या विकत घेण्याचे करार जाहीर केले. ॲस्ट्राझेनेकाने बेल्जियमची एसोबायोटेक घेतली, ॲबव्हीने कॅपस्टन, गिलियडच्या काइट या उपकंपनीने इंटेरियस आणि ब्रिस्टल मायर्स स्क्विबने ऑर्बिटल. व्यवहारांचे कमाल आकडे ३५ कोटी डॉलरपासून २१० कोटी डॉलरपर्यंतचे होते. या चौघींपैकी एकीकडेही विकण्याजोगे औषध नव्हते. त्यांचे उपचार प्रयोगशाळेत तरी होते, नाहीतर मानवी चाचण्यांच्या पहिल्या पायरीवर. पण चौघींचा रोख एकाच दिशेने होता. रुग्णाच्या रोगप्रतिकारक पेशी बाहेर न काढता, शिरेवाटे दिलेल्या औषधाने त्या शरीरातच बदलायच्या आणि रोगाविरुद्ध उभ्या करायच्या, ही ती दिशा.

सध्याच्या ‘कार-टी’ उपचारात रुग्णाच्या पेशी काढल्या जातात, प्रयोगशाळेत त्यांत जनुकीय बदल होतो आणि काही आठवड्यांनी त्या परत शरीरात सोडल्या जातात. प्रत्येक रुग्णासाठी औषध नव्याने तयार करावे लागते. अमेरिकेत २०१७ मध्ये अशा पहिल्या उपचाराची किंमत पावणेपाच लाख डॉलर ठेवली गेली, त्यामागे हे एक कारण सांगितले गेले. पेशी शरीरातच बदलता आल्या, तर हा सारा खटाटोप वाचेल आणि उत्पादनखर्च बराच खाली येईल. म्हणजे आपल्यासारख्या देशाला सर्वाधिक उपयोगी पडू शकणारी वाट जवळपास एकाच वर्षात चार मोठ्या घरांच्या मालकीची झाली. खर्च कमी झाला म्हणून किंमत कमी होईल का, हा प्रश्न म्हणूनच आजच विचारायला हवा. या व्यवसायाचा इतिहास त्याचे उत्तर बऱ्यापैकी स्पष्टपणे देतो.

नोव्हेंबर २०११ मध्ये गिलियडने फार्मासेट ही छोटी कंपनी सुमारे ११ अब्ज डॉलरना घेण्याचे जाहीर केले. दिलेला भाव समभागाच्या तेव्हाच्या बाजारभावापेक्षा ८९ टक्क्यांनी अधिक होता. फार्मासेटजवळ हेपटायटिस-सीवरचा एक आश्वासक रेणू होता आणि त्याच्या अंतिम टप्प्यातील चाचण्या तेव्हा कुठे सुरू होत होत्या. डिसेंबर २०१३ मध्ये तो रेणू सोफोसबुविर या नावाने मंजूर झाला आणि १२ आठवड्यांच्या उपचाराची किंमत ८४ हजार डॉलर ठरली. एका गोळीला एक हजार डॉलर. अमेरिकी सिनेटच्या वित्त समितीने दोन्ही पक्षांच्या सदस्यांच्या पुढाकाराने या किमतीची दीड वर्ष चौकशी केली. डिसेंबर २०१५ च्या अहवालातील एक नोंद बोलकी आहे. विकली जाण्यापूर्वी फार्मासेटने स्वतः केलेला किमतीचा अंदाज ३६ हजार डॉलरचा होता. रेणू तोच होता आणि रोगही तोच. मधल्या काळात मालक बदलला होता आणि त्या मालकाने ११ अब्ज डॉलर मोजले होते.

अशा खरेदीत नेमके काय विकले जाते, हे समजून घ्यायला हवे. यंत्रे, इमारती वा चालू विक्री यांचे मोल त्यात नगण्य असते. विकत घेतली जाते ती पुढील दहा-पंधरा वर्षांच्या मक्तेदारीतून मिळू शकणाऱ्या उत्पन्नाची अपेक्षा. औषध महाग विकले जाईल हे गृहीत धरून खरेदीची रक्कम ठरते आणि मग त्याच रकमेकडे बोट दाखवून औषध महाग विकणे भाग असल्याचे सांगितले जाते. २०१८ मध्ये नोव्हार्टिसने ॲव्हेक्सिस ही कंपनी ८.७ अब्ज डॉलरना घेतली. स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी या जीवघेण्या बालरोगावरच्या तिच्या जनुकोपचाराची पहिली, अवघ्या १५ बालकांवरची चाचणी तेव्हा प्रसिद्ध झाली होती. मे २०१९ मध्ये हा उपचार झोलजेन्स्मा या नावाने बाजारात आला; किंमत २१ लाख २५ हजार डॉलर. भारतीय चलनात हाच तो १६ कोटींचा डोस. त्यासाठी मुंबई-पुण्यातील पालकांनी समाजमाध्यमांवरून लोकांपुढे हात पसरल्याचे आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. दुर्मीळ आजारांसाठीच्या आपल्या राष्ट्रीय धोरणानुसार एका रुग्णाला मिळू शकणारी कमाल मदत ५० लाख रुपयांची आहे. या दोन आकड्यांमधले अंतर कोणत्याही सरकारी योजनेने भरून निघणारे नाही.

दुसरी बाजूही नीट मांडली पाहिजे. प्रयोगशाळेतील बहुतेक कल्पना औषध होण्यापूर्वीच मरतात. हजारो रुग्णांवरच्या अंतिम चाचण्यांचा खर्च पेलण्याची ताकद छोट्या कंपनीत नसते आणि तिच्यात पैसा गुंतवणारा आपला पैसा कधीतरी मोकळा होईल या आशेवरच तो घालतो. बडा खरेदीदार नसेल, तर ती आशा संपेल आणि कितीतरी उपचार चाचणीपर्यंतही पोहोचणार नाहीत. बड्या कंपन्यांचीही गरज खरी आहे. मर्क कंपनीचे कीट्रूडा हे कर्करोगावरील औषध एकट्याने २०२४ मध्ये साडेएकोणतीस अब्ज डॉलरची विक्री करून गेले, आणि त्याचे मुख्य अमेरिकी पेटंट २०२८ मध्ये संपते. एवढी पोकळी भरायला स्वतःच्या प्रयोगशाळा पुरत नाहीत, म्हणून दुसऱ्यांच्या प्रयोगशाळा विकत घेतल्या जातात. या श्रमविभागणीतून सोफोसबुविरसारखे रोग समूळ बरा करणारे औषध जगाला मिळाले, हे नाकारता येत नाही.

मात्र खरेदीदाराचा हेतू दर वेळी औषध बाजारात आणण्याचाच असतो असे नाही. कनिंगहॅम, एडरर आणि मा या तीन अभ्यासकांचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला निबंध या बाबतीत महत्त्वाचा आहे. त्यांनी तपासलेल्या औषधकंपन्यांच्या खरेदीव्यवहारांपैकी सुमारे ५ ते ७ टक्के व्यवहार भावी स्पर्धक गर्भातच संपवण्यासाठी झाले असावेत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. याचे एक उदाहरण अमेरिकेच्या व्यापार आयोगाच्या कागदपत्रांतच आहे. क्वेस्टकोर ही कंपनी अर्भकांच्या झटक्यांवर वापरले जाणारे ॲक्थर हे औषध विकत असे. २००१ मध्ये ४० डॉलरची असलेली त्याची कुपी पुढे ३४ हजार डॉलरच्या वर गेली. त्याला स्पर्धा ठरू शकणाऱ्या सिनॅक्थेन या औषधाचे अमेरिकेतील हक्क क्वेस्टकोरने २०१३ मध्ये स्वतःच विकत घेतले. ही खरेदी स्पर्धा रोखण्यासाठी होती, असा आरोप आयोगाने ठेवला. २०१७ मध्ये तिच्या नव्या मालकाने, मॅलिनक्रॉट कंपनीने, दहा कोटी डॉलर भरून आणि ते हक्क दुसऱ्या कंपनीला देऊन प्रकरण मिटवले. तोवर रुग्णांची चार वर्षे गेली होती.

या साऱ्याचा भारताशी संबंध दुहेरी आहे. पहिला रुग्ण म्हणून. अय्यंगार समितीच्या १९५९ च्या अहवालातून १९७० चा पेटंट कायदा उभा राहिला आणि औषधाच्या रेणूवरची मक्तेदारी आपण पस्तीस वर्षे नाकारली. २००५ मध्ये जागतिक व्यापार कराराप्रमाणे ती परत आणावी लागली, तरी कलम ३(ड) आणि सक्तीचा परवाना ही दोन हत्यारे संसदेने राखली. २०१२ मध्ये कर्करोगाच्या एका औषधावर सक्तीचा परवाना दिला गेला, तेव्हा महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आला. भारतात सोफोसबुविरच्या पेटंटला विरोध उभा राहिला. सप्टेंबर २०१४ मध्ये गिलियडने सात भारतीय कंपन्यांना परवाने दिले आणि काही वर्षांतच येथील किंमत अमेरिकी किमतीच्या शतांशाहून खाली गेली. त्याच बळावर २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात हेपटायटिस-सीचा उपचार मोफत मिळू लागला. अगदी अलीकडे, ऑक्टोबर २०२५ मध्ये, स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफीवरच्या रिस्डिप्लाम या औषधाबाबत मूळ कंपनीला न्यायालयांनी अंतरिम मनाई नाकारली. सुमारे सहा लाखांची बाटली मग नॅटको कंपनीने १५,९०० रुपयांना आणली.

ही ढाल आजवर उत्तम चालली, कारण समोर रासायनिक रेणू होते. गोळीची नक्कल करता येते. आपले रसायनशास्त्रज्ञ त्यात निष्णात आहेत. जनुकोपचार आणि पेशी-उपचार यांची गोष्ट निराळी. तेथे उत्पादनाची प्रक्रिया हेच औषध असते आणि त्या प्रक्रियेचे बारकावे पेटंटच्या कागदावर पूर्ण उतरत नाहीत. म्हणूनच एकाच आजारावरचे रिस्डिप्लाम हजारांत आले आणि झोलजेन्स्माला मात्र अजून स्वस्त पर्याय नाही. पुढची औषधे वाढत्या प्रमाणात या दुसऱ्या जातीची असणार आहेत. नक्कल करण्याच्या हक्कावर विसंबून राहण्याचे दिवस सरत आले आहेत.

दुसरा संबंध आहे तो संशोधनाचे शेत म्हणून. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये देशातील पहिली जनुक-पुनर्संयोजित हेपटायटिस-बी लस आणली आणि आयात लशींच्या चढ्या किमतींना खीळ घातली. पुढे ही कंपनी फ्रान्सच्या मेरिय समूहाकडे व २००९ मध्ये सनोफीकडे गेली. तेव्हा तिचे मूल्य ५५ कोटी युरो धरले गेले. सनोफीच्या हाती तिचे काम थांबले नाही, हे नमूद केले पाहिजे. पण कोणती लस आधी बनवायची आणि कोणाला कोणत्या दराने द्यायची, हा निर्णय हैदराबादेतून पॅरिसला गेला. शांताजवळ निदान चालू उत्पादन होते. आज जे उभे राहत आहे ते त्याहून कोवळे आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून साकारलेल्या देशी कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आणि तो परदेशी किमतीच्या साधारण दशांशात उपलब्ध झाला. त्याच्या पहिल्या मानवी चाचणीसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने १९ कोटी १५ लाख रुपये मंजूर केले होते. ती कंपनी विकली जाईल असे सुचवण्याचा माझा हेतू नाही. असे यश मिळाले की खरेदीदार दारी येतात, एवढेच मी म्हणतो. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन व नवोन्मेषासाठी एक लाख कोटींचा निधी मंजूर केला. दीर्घ मुदतीच्या, अल्प वा शून्य व्याजाच्या कर्जातून तो खासगी उद्योगापर्यंत जाईल. अशी यशे वाढावीत हाच त्याचा उद्देश. ती वाढली की विक्रीचे प्रस्तावही वाढतील.

तशा विक्रीच्या वेळी आपले कायदे काय पाहतात? स्पर्धा कायद्यातील दुरुस्तीने सप्टेंबर २०२४ पासून दोन हजार कोटींहून मोठे व्यवहार स्पर्धा आयोगापुढे नेणे आवश्यक झाले. परंतु त्यासाठी विकल्या जाणाऱ्या कंपनीचा भारतात भरीव व्यवसाय असावा लागतो आणि डिजिटल सेवा सोडून इतर क्षेत्रांत तो पाचशे कोटींहून अधिक उलाढालीवर मोजला जातो. चाचणीच्या पहिल्या टप्प्यातील कंपनीची उलाढाल शून्याच्या आसपास असते. चार हजार कोटींना विकली गेली, तरी ती या जाळ्यातून अलगद निसटेल. परकीय गुंतवणुकीचे नियमही असेच. चालू औषधकंपनीतील ७४ टक्क्यांपर्यंतचा परकीय हिस्सा मंजुरीविना घेता येतो. त्यापुढे अटी आहेत, पण त्यांतील महत्त्वाची अट अत्यावश्यक औषधांचे चालू उत्पादन टिकवण्याची. ज्या कंपनीचे उत्पादनच सुरू नाही, तिच्याबाबत टिकवायचे काय? आणि कंपनी न विकता केवळ पेटंटचे हक्क परदेशी दिले, तर तो व्यवहार या नियमांच्या कक्षेतच येत नाही. थोडक्यात, आपले कायदे उभ्या पिकाची राखण करतात. बियाणे कोणी उचलले, याची त्यांना दखल नाही.

उपाय म्हणून विक्रीवरच बंदी घालावी, असे सुचवणारे भेटतात. ते अव्यवहार्य आहे आणि संशोधकांवर अन्यायकारकही. विक्री झाल्यावर सरकारने हस्तक्षेप करावा, हा दुसरा मार्ग. त्याचा अनुभव अमेरिकेत आहे. १९८० च्या बेह-डोल कायद्याने सरकारी पैशातून झालेल्या शोधाचा हक्क संस्थांना दिला आणि जनहितासाठी तो इतरांना देण्याचा अधिकार सरकारने राखून ठेवला. चार दशकांहून अधिक काळात औषधांच्या किमतींसाठी तो अधिकार एकदाही वापरला गेलेला नाही. सनदी सेवेतील अनुभवावरून मला याचे नवल वाटत नाही. हजारो कोटी मोजून झालेल्या मालकाशी अटींची भाषा करणे कोणत्याही सचिवाला जड जाते. अटी घालणे सोपे असते तो दिवस एकच, अनुदानाचा पहिला हप्ता सुटण्यापूर्वीचा. त्या दिवशी पैसा आपल्या हातात असतो आणि समोरचा सही करायला उत्सुक असतो.

हे पुस्तकी बोलणे नव्हे. आपल्याच देशात घडलेले आहे. रोटाव्हायरसचा जो प्रकार पुढे लशीसाठी वापरला गेला, तो ऐंशीच्या दशकात दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये डॉ. महाराजकृष्ण भान आणि सहकाऱ्यांना सापडला. जैवतंत्रज्ञान विभाग, परदेशी संशोधन संस्था आणि भारत बायोटेक यांनी मिळून लस घडवली आणि सरकारी खरेदीसाठी तिची किंमत प्रति डोस एक डॉलर राहील, हे आधीच ठरलेले होते. मार्च २०१५ मध्ये ती देशाला अर्पण झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची आफ्रिकेसाठीची मेंदूज्वराची लस हे दुसरे उदाहरण. आफ्रिकी देशांना ५० सेंटच्या वर परवडणार नाही, हे प्रकल्पाच्या आरंभीच मान्य झाले होते. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत लसीकरण सुरू झाले ते त्या मर्यादेच्या आत. दोन्ही ठिकाणी किंमत अखेरीस मागितलेली सवलत नव्हती. ती आरंभी स्वीकारलेली अट होती.

म्हणून माझ्या मते सार्वजनिक निधीच्या प्रत्येक करारात तीन कलमे असावीत. पहिले, भारतातील पुरवठा व किमतीची मर्यादा. ती पेटंटला चिकटलेली असावी, म्हणजे मालक कितीही बदलले तरी नव्या मालकाला ती बंधनकारक राहील. दुसरे, ठरावीक मुदतीत उपचार पुढे नेला नाही, तर भारतासाठीचे हक्क मूळ संस्थेकडे परत यावेत. विकत घेऊन फडताळात ठेवण्याला यामुळे आळा बसेल. तिसरे, विक्रीच्या रकमेतील एक वाटा त्या निधीत परत यावा, ज्यातून पुढच्या संशोधकाला मदत होईल. ही कलमे खात्यागणिक बदलणारी नसावीत आणि जनतेला पाहता यावीत. सार्वजनिक पैशातून निर्माण होणाऱ्या बौद्धिक संपदेसाठीचे विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत आले होते. त्याचा भर संस्थांना पेटंट घ्यायला लावण्यावर होता, रुग्णाचा विचार त्यात दुय्यम होता. पुढे ते मागे घेतले गेले आणि ती जागा आजही रिकामी आहे.

अशा अटींनी गुंतवणूकदार पळतील, हा आक्षेप मी हलका मानत नाही. काही पळतीलही. पण जुलै २०२५ मधील एक व्यवहार पाहावा. मुंबईच्या ग्लेनमार्कच्या उपकंपनीने रक्ताच्या कर्करोगावरील, पहिल्या टप्प्यातील एका औषधाचे हक्क ॲबव्हीला ७० कोटी डॉलर आगाऊ रकमेवर दिले. हे हक्क उत्तर अमेरिका, युरोप, जपान आणि चीनपुरते होते. भारतासह उर्वरित बाजारपेठा ग्लेनमार्कने स्वतःकडे ठेवल्या. खरेदीदाराने एवढी मोठी रक्कम मोजली, ती भारत वगळून. बड्या कंपन्यांचा नफा प्रामुख्याने श्रीमंत देशांतून येतो. भारतापुरती अट त्यांच्या हिशेबात फार मोठी नसते. ग्लेनमार्कने हे व्यापारी शहाणपणाने साधले. सार्वजनिक पैशाच्या बाबतीत ते एखाद्या कंपनीच्या शहाणपणावर सोडून चालणार नाही.

अर्थात अटी घालणाऱ्या सरकारलाही आपली बाजू पाळावी लागेल. रोटाव्हायरसच्या लशीला शोधापासून लोकार्पणापर्यंत सुमारे तीस वर्षे लागली. अनुदानाचा हप्ता वर्षभर अडला, अंतिम चाचण्यांसाठी देशात पैसा मिळाला नाही आणि तयार औषध सरकार विकत घेईल याची शाश्वती नसली, तर संशोधकापुढे विक्रीवाचून पर्याय उरत नाही आणि अशा वेळी तो मिळेल त्या अटींवर विकतो. संशोधन निधीचे पहिले मोठे करार आता आकार घेतील. त्यांवर सह्या होतील, तेव्हा त्या बैठकीत रुग्ण नसेल. २०३५ किंवा २०४० मध्ये एखाद्या जिल्हा रुग्णालयात त्याला कोणता आकडा सांगितला जाईल, हे मात्र बऱ्याच अंशी त्याच टेबलावर ठरणार आहे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)